हक्काचं काम करायचंय? आधी जुनं रजिस्टर वाचायला शिका

यावल-रावेर भागात मुस्लिम कुटुंबांच्या हक्कांसाठी काम करायला नवीन पोरं येतात, तेव्हा मोर्च्याआधी मी त्यांना शाळेचं जुनं जनरल रजिस्टर वाचायला बसवतो. आजोबांची हयात कापूस पिंजण्यात गेली, गाव त्यांना पिंजारी म्हणूनच ओळखतं, आणि दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान'. त्या एका शब्दापायी नातीचा नर्सिंगचा प्रवेश अडतो. मला याची फार चीड येते.

ओबीसी सवलत धर्मावर नाही, जातीवर मिळते. पिंजारी, बागवान, तांबोळी, मोमीन राज्याच्या यादीत आहेत. पुरावा लागतो १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. ही तारीख पाठच करा. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जात नसेल तर आजोबांचा, चुलत आजोबांचा, आत्याचा शोधा. नाते वडिलांकडचं, रक्ताचं हवं आणि वंशावळीत बसायला हवं. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल मागा, घरातली जुनी खरेदीखतं उघडा. बरेच कागद मोडीत असतात, काही शाळांची रजिस्टरं उर्दूत. म्हणून दोन्ही वाचणारी माणसं जोडून ठेवा. आमच्याकडे एक चाचा मोडी वाचतात. त्यांच्यामुळे कितीतरी घरांचं काम झालं.

तडवी भिल्लांची गोष्ट वेगळी. "तुम्ही मुसलमान, मग एसटी कसे?" असं खिडकीवर आजही विचारतात. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाहीच. ती अनुसूचित जातींना आहे. जमातीसाठी पुरावा ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा लागतो. हे उत्तर शांतपणे, कागद हातात धरून द्या.

तोंडी 'नाही' कधीच मान्य करू नका. अर्जाची पोच घ्या, नाकारलं तर कारणांसह लेखी आदेश मागा. प्रांतांनी जातीचा दाखला नाकारला तर अपिलाला तीस दिवस असतात. मिळालेला दाखला खरा का, हे तपासणाऱ्या पडताळणी समितीविरुद्ध मात्र थेट उच्च न्यायालय, आपल्यासाठी औरंगाबाद खंडपीठ. तो खर्च गरीब घराला पेलत नाही, त्यामुळे समितीपुढची फाईलच भक्कम करा. समितीचं दक्षता पथक गृहचौकशीला येतं तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांना बोलू द्या. परंपरागत धंदा, सोयरिकी, रीतिरिवाज त्यांनाच नीट सांगता येतात.

आणि अकरावीतच व्हॅलिडिटीचा, म्हणजे जात पडताळणीचा, अर्ज भरून घ्या. बारावीच्या निकालानंतर धावाधाव केली तर प्रवेशाची मुदत निघून जाते.