जुन्या डिझेल फोर बाय फोरचा ऑइल प्रेशरचा काटा: या चुका टाळा

"काटा खाली आलाय, इंजिन गेलं का?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आता मी आधी चार उलट प्रश्न विचारतो. इंजिन किती गरम होतं? आरपीएम किती होता? आत कोणतं ऑइल आहे? आणि दाब कशाने मोजला? चौथ्याला बहुतेक जण म्हणतात, "डॅशबोर्डवर दिसतंय ना." तिथेच मला काळजी वाटायला लागते.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. ऑइल पंप फक्त ऑइल ढकलतो. ते ऑइल क्रँकच्या (इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगमधल्या बारीक फटीतून वाट काढताना अडतं आणि त्या अडण्यातून दाब तयार होतो. म्हणून बेअरिंग झिजून फट वाढली की दाब उतरतो, आणि ऑइल तापून पातळ झालं तरी उतरतो. थंड इंजिनवर ४-५ बार आणि तासभर चालवल्यावर आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) १ बारच्या आसपास हा फरक निरोगी इंजिनातही दिसतो. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय, आणि गॅरेजच्या भाषेत जवळपास १ किलो.

डॅशबोर्डच्या काट्यावरून इंजिन उघडणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका मित्राने जुनी डिझेल फोर बाय फोर घेतली. सकाळी काटा मध्यावर, पण गाडी तापली की आयडलला थेट शून्याच्या रेषेजवळ. एका गॅरेजने काटा बघितला आणि सांगितलं, बेअरिंग गेलेत. चेंबर (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) खाली उतरवलं, मेन आणि कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग बदलले, पंपही नवा घातला. तीन आठवडे गाडी उभी राहिली. मग सेल मारला, गाडी तापवली आणि काटा पुन्हा त्याच रेषेवर. तेव्हा त्याने मला बोलावलं.

मी सेंडर (इंजिनवर बसवलेला, दाबाचा सिग्नल वायरने डॅशबोर्डच्या काट्याला देणारा भाग) काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावला. म्हणजे ऑइल थेट नळीतून गेजमध्ये येतं, मध्ये वायर नाही, सेंडर नाही. गरम इंजिन, आयडलला १.४ बार. २००० आरपीएमला ३ च्या वर. इंजिन ठणठणीत होतं. काढलेले जुने बेअरिंग त्याने जपून ठेवले होते, तेही बघितले. बदलायची काहीच गरज नव्हती. दोष एवढाच होता की कोणीतरी सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे भरपूर वेढे दिले होते. एका वायरच्या सेंडरला अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच मिळतं. टेपमुळे अर्थिंग कमजोर झालं, विजेचा रोध वाढला (त्या सेंडरमध्ये रोध जास्त म्हणजे दाब कमी) आणि काटा सगळीकडेच कमी दाखवू लागला. थंड असताना दाब मुळात भरपूर, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. टेप काढली, आटे पुसले, सेंडर परत बसवला. वीस मिनिटांचं काम.

तो खर्च आणि ते तीन आठवडे अर्ध्या तासाच्या एका तपासणीने वाचले असते. मला घाईचा राग येतो तो याच कारणाने. चेंबर उतरवायला लोक लगेच तयार होतात, पण सेंडर काढून गेज लावायचा त्यांना कंटाळा येतो.

सेंडरचेही प्रकार असतात, हे विसरू नका. काहींत दाब वाढला की रोध कमी होतो, काहींत वाढतो. दुसऱ्या गाडीचा सेंडर आट्यात बसला म्हणून लावला तर काटा उलटा पळू शकतो किंवा कायम चुकीचा आकडा दाखवतो. काही गाड्यांत तर डॅशबोर्डचा काटा नुसत्या स्विचवर चालतो: थोडासा दाब आला की मध्यावर जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. अशा काट्यावरून झीज कळणं शक्यच नाही. तुमच्या गाडीचा काटा रेस केल्यावर आणि गरम झाल्यावर जराही हलत नसेल तर हाच संशय घ्या.

मेकॅनिकल गेज लावताना अडॅप्टरचे आटे तपासा. बीएसपी आणि एनपीटी ही आट्यांची दोन वेगळी मापं: १/८ बीएसपीला इंचात २८ आटे, १/८ एनपीटीला २७. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. हाताने दोन-तीन फेरे सहज गेला नाही तर पाना लावू नका. जबरदस्ती केली की ब्लॉकमधले किंवा फिल्टर हाउसिंगमधले आटे जातात, आणि ते दुखणं मूळ दुखण्यापेक्षा मोठं असतं.

जाड ऑइल घालून काटा वर आणणं

याला मी उपाय मानत नाही. ही झाकाझाक आहे, आणि गाडी विकताना केली तर फसवणूक.

मी स्वतः घेतलेल्या एका गाडीत काटा इतका छान होता की मी इंजिनवर खूश होतो. पहिल्याच आठवड्यात ऑइल बदलायला घेतलं. इंजिन गरम असूनही जुनं ऑइल काकवीसारखं ओघळत होतं. त्या इंजिनाला सांगितलेलं १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल भरलं, गाडी तापवली, आणि आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकायला लागला. मेकॅनिकल गेजवर ०.४ बार. चेंबर उतरवल्यावर मेन बेअरिंगचा वरचा करडा थर जाऊन खालचा तांबूस थर दिसत होता. जाड ऑइलने ती झीज लपवली होती, थांबवली नव्हती. शिवाय जाड ऑइल थंड इंजिनात टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, म्हणजे रोज सकाळी टर्बोच्या बेअरिंगचंही नुकसान.

तेव्हापासून माझी सवय अशी: जुनी गाडी घेण्याआधी डिपस्टिकवरचं ऑइल बोटांत घेऊन बघतो आणि विकणाऱ्याला आधीच सांगतो की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिनावर सेल कसा बसतो ते कळतं, आणि मग मीच गाडी तासभर चालवून आयडल बघतो. किल्ली फिरवल्यावर, सेल मारण्याआधी, ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर बल्ब गेलाय किंवा कोणीतरी वायर काढलीय. चार्जिंगच्या दिव्याला जोडून दिलेला ऑइलचा दिवाही मी पाहिला आहे, तो इंजिन चालू झालं की प्रामाणिकपणे विझतो.

दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना

"त्याच्या गाडीला आयडलला दोन आहे, माझ्या गाडीला एकच का?" तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल उघडा. टोयोटाच्या १एचझेड डिझेलला कंपनी आयडलला किमान ०.३ किलो आणि ३००० आरपीएमला २.५ ते ६ किलो सांगते. आयडलचा आकडा इतका खाली चालतो हे वाचून लोक दचकतात. हजार आरपीएमला १० पीएसआय हा ठोकताळा ठीक आहे, पण तो ठोकताळाच.

थोडक्यात बाकीच्या

काटा जितका वर तितकं इंजिन चांगलं, असं नाही. पूर्ण गरम इंजिनातही ६-७ बार दिसत असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) अडकलाय का ते बघा.

ऑइलची पातळी न मोजता बाकी काही तपासू नका. चढावर किंवा वळणावर काटा क्षणभर पडत असेल तर पंप जिच्यातून ऑइल ओढतो ती जाळी ऑइलच्या बाहेर येते आहे. पातळी जास्त असेल तरी वाईट, क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि काटा थरथरतो.

टॉप-अप न करता पातळी वाढत असेल तर डिपस्टिकचा वास घ्या. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) गळत असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि दाब जातो. इथे बेअरिंग बदलून काही होणार नाही, आधी नोझल.

ऑइल काळं आहे म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये ते लवकरच काळं होतं.

फिल्टर बदलल्यावर पहिल्या सेकंदाला रेस करू नका. काटा उचलेपर्यंत पायाला आवर घाला.

आणि गाडी चालवताना दिवा लागून राहिला तर "गॅरेज जवळच आहे" हा विचार करू नका. बहुतेक स्विच ०.३ ते ०.५ बारच्या आसपास दिवा लावतात, म्हणजे तेव्हा बेअरिंगमध्ये जवळजवळ काहीच दाब उरलेला नसतो. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, डिपस्टिक काढा. पातळी बरोबर असली तरी पुन्हा चालू करू नका, टो करून न्या आणि तिथे आधी मेकॅनिकल गेज लावायला सांगा.