तरंगती वसाहत आखताना या चुका टाळा

तरंगत्या घराचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: बुडणार तर नाही ना? काँक्रीटचा पोकळ तराफा नीट बांधला तर सहसा बुडत नाही. तो कलतो, गाळात रुततो, नळ उखडतो. खरी काळजी याची करायला हवी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नेदरलँड्सचा नकाशा जसाच्या तसा उचलणं. ॲमस्टरडॅमच्या स्खोनस्खिप वसाहतीत ४६ कुटुंबं ३० तराफ्यांवर राहतात. पण तिथल्या कालव्याची पातळी नियंत्रित असते. मुंबईच्या खाडीत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, तेही दिवसातून दोनदा. किनाऱ्यावरून घरात नेणारा पूल आखूड ठेवलात तर ओहोटीला त्याची शिडी होते. पाच मीटर उतार व्हीलचेअरला चालेल असा, म्हणजे एकास बारा, ठेवायचा तर साठ मीटर लांबी लागते! ती जागा पहिल्याच आराखड्यात राखा. घराला धरून ठेवणारे खांबही कमाल भरती आणि वादळात चढणारं जादा पाणी धरून उंच हवेत, नाहीतर घर खांबावरून निसटेल. आणि एका दिवसाच्या मोजणीवर विसंबू नका. उधाणाच्या ओहोटीला गाळ कुठे उघडा पडतो, हे त्या खाडीतल्या कोळ्यांना विचारा.

दुसरी चूक रिकाम्या घराच्या वजनावर हिशेब करण्याची. ७ बाय १० मीटरचा तराफा ७०० किलो चढले की सुमारे एक सेंटिमीटर खाली बसतो. पण पाण्याची टाकी, पुस्तकांची कपाटं आणि वॉशिंग मशीन एकाच कोपऱ्यात आली की तो कोपरा त्याहून बराच जास्त दबतो. दारं आपोआप उघडू लागली, तर बिजागऱ्या तासत बसू नका. चारही कोपऱ्यांवर पाण्याची रेघ रंगवून दर महिन्याला मोजा, आणि जो कोपरा दबलाय त्याच्या समोरच्या कोपऱ्यात भार वाढवा. पुढे मजला चढवायचा असेल, तर तेवढी तरण्याची क्षमता आजच राखून ठेवा.

देखभालीचा खर्च बजेटात नसणं हीसुद्धा चूकच. नायजेरियातल्या लागोस शहरात, माकोको वस्तीतली तरंगती शाळा २०१३ मध्ये उभी राहिली आणि जून २०१६ मध्ये मुसळधार पावसात कोसळली. नशिबाने तेव्हा आत मुलं नव्हती.

वीज-पाण्याच्या जोडण्या लवचीक हव्यात आणि त्यांना पूर्ण चढउताराएवढी ढील हवी. सांडपाण्याचा पाइप मात्र मध्येच झोळ पडेल इतका सैल नको. तुंबलं तर आधी तो झोळ बघा, मग पंप उघडा.