अगादिरहून बसने माराकेश : एका दिवसाची सहल कशी करावी

अगादिरला सुट्टीवर गेलेल्या माणसाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रश्न पडतोच. समुद्र पाहिला, वाळूत बसून झालं, पण जुनं मोरोक्को कुठे आहे? अगादिरमध्ये ते फारसं उरलेलं नाही. २९ फेब्रुवारी १९६० च्या रात्री भूकंपात हे शहर काही सेकंदांत कोसळलं आणि हजारो माणसं गेली. आज दिसतं ते शहर त्यानंतर थोडं दक्षिणेला सरकून नव्याने वसवलेलं आहे. जुनं शहर पाहायचं तर माराकेशला जावं लागतं, म्हणून इथल्या बहुतेक हॉटेलांत तिथल्या बस सहलीची जाहिरात दिसते. अंतर साधारण २५० किलोमीटर. २०१० मध्ये मोटरवे पूर्ण झाल्यापासून एका बाजूचा प्रवास तीन-साडेतीन तासांत होतो.

जावं का? जरूर जावं. पण दिवस चौदा तासांचा आहे आणि त्यातला जवळजवळ निम्मा बसमध्ये जातो, हे आधी मनात पक्कं करावं. बाकीचे तास कसे वाचवायचे, तेवढंच खरं जमवावं लागतं.

बुकिंग करताना विचारायचे प्रश्न

किंमत सगळेच विचारतात. त्याआधी विचारा, ‘माराकेशमध्ये बसमधून उतरल्यापासून पुन्हा चढेपर्यंत किती तास?’ सहा तासांपेक्षा कमी असतील तर दुसरी सहल बघा. लगेच दुसरा प्रश्न, ‘त्यातले किती तास दुकानांत?’ गालिच्यांचं दुकान आणि मसाल्या-औषधींचं दुकान हे दोन थांबे अनेक सहलींत असतात. कोणी स्पष्ट सांगतं, कोणी नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा विचारलं नव्हतं. सव्वा तास गालिचे उलगडून दाखवण्यात गेला आणि राजवाडा वीस मिनिटांत उरकावा लागला.

प्रवेश तिकिटं आणि जेवण किमतीत धरलं आहे का, गाईड कोणत्या भाषेत बोलणार, हेही लिहून घ्या. एकच गाईड फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी आळीपाळीने बोलत असेल तर तुमच्या वाट्याला प्रत्येक गोष्टीचा एक तृतीयांशच येतो. मोरोक्कोत अधिकृत गाईडच्या गळ्यात ओळखपत्र असतं.

जमल्यास संध्याकाळी उशिरा परतणारी बस निवडा. याचं कारण माराकेशच्या मुख्य चौकाबद्दल सांगताना येईलच.

आदल्या रात्री

अगादिर समुद्राकाठी आहे आणि सकाळी तिथे धुकंही असतं. माराकेश आत, सपाट कोरड्या प्रदेशात. जुलै-ऑगस्टमध्ये अगादिरला सुखद हवा असताना तिथे पारा चाळिशीपार जातो. उलट डिसेंबर-जानेवारीत सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी तो कमरेला बांधून फिरावं लागतं. तेव्हा एकावर एक घालता येतील असे कपडे, बंद बूट आणि टोपी घ्या. खांदे आणि गुडघे झाकलेले असले तर जुन्या शहरात वावरताना स्वतःलाच मोकळं वाटतं.

दिरहम हे मोरोक्कोचं चलन देशाबाहेर सहसा मिळत नाही, तिथेच बदलून घ्यावा लागतो. पाच आणि दहा दिरहमची नाणी वेगळ्या खिशात ठेवा. स्वच्छतागृह, टीप, संत्र्याचा रस, सगळीकडे तीच लागतात. फोनमध्ये माराकेशचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा.

हॉटेलचा नाश्ता सुरू होण्याआधी बस येते. रात्रीच रिसेप्शनवर सांगितलं तर बरीच हॉटेलं डबा बांधून देतात.

बसमध्ये कुठे बसावं

डावीकडे. जाताना बस आधी उत्तरेला निघते आणि सकाळचं ऊन उजवीकडून येतं. परतताना दक्षिणेला उतरते तेव्हा मावळतीचं ऊन पुन्हा उजवीकडेच. शिवाय संध्याकाळी माराकेशहून निघाल्यावर अ‍ॅटलास पर्वताची रांग डाव्या खिडकीत असते. हिवाळ्यात तिच्यावर बर्फ असतो. रस्ता अ‍ॅटलासच्या पश्चिम टोकावरून चढतो-उतरतो, पण वळणं हलकी आहेत. तरी गाडी लागणाऱ्यांनी पुढच्या रांगा धराव्यात. वाटेत एकदा चहापाण्याला थांबतात. तिथे स्वच्छतागृहाची रांग आधी, चहा नंतर.

उतरण्यापूर्वी दोन फोटो काढा, बसच्या नंबरपाटीचा आणि गाईडच्या फोन नंबरचा. माराकेशच्या पार्किंगमध्ये एकसारख्या पांढऱ्या बस उभ्या असतात.

शहरात

बहुतेक सहली कुतुबिया मशिदीपासून सुरू होतात. बाराव्या शतकातला तिचा मिनार सुमारे ७७ मीटर उंच आहे. स्पेनच्या सेव्हिलमधला हिराल्डा मनोरा आणि मोरोक्कोच्याच राबातमधला हसन मनोरा हे त्याचे भाऊबंद. मुस्लिमेतरांना मशिदीत प्रवेश नाही, मोरोक्कोत जवळजवळ सगळीकडे हाच नियम आहे, त्यामुळे दारात जाऊन हुज्जत घालू नये. बाहेरून, बागेच्या बाजूने, मिनाराच्या चारही बाजू बघा. प्रत्येक बाजूचं नक्षीकाम वेगळं आहे आणि घाईतल्या गटांना ते दिसत नाही.

इथेच शहराच्या रंगाकडेही लक्ष जातं. जुन्या तटबंदीच्या भिंती लाल माती ठोकून, थरावर थर चढवून उभ्या केलेल्या आहेत. आपल्याकडे पांढऱ्या मातीच्या गढ्या पाहिलेल्या माणसाला ही भिंत परकी वाटत नाही. हात लावून पाहिली की चुन्याचे आणि खड्यांचे कण जाणवतात.

पुढे बाहिया राजवाडा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सी मूसा आणि त्याचा मुलगा बा अहमद या वजिरांनी तो बांधला. बा अहमद १९०० मध्ये वारला आणि वाड्यातलं सामानसुमान लगोलग लुटलं गेलं. म्हणून दालनं रिकामी आहेत. काहींची निराशा होते, मला मात्र हे बरंच वाटतं. फर्निचर नसल्यामुळे नजर वर जाते, आणि या वाड्याचं वैभव वरच आहे. देवदाराच्या लाकडाची रंगवलेली छतं, दर खोलीत वेगळी. खाली झेलिज, म्हणजे रंगीत फरशीचे हाताने छिललेले तुकडे जुळवून केलेली नक्षी. गाईडचं बोलणं संपायची वाट न पाहता मोठ्या संगमरवरी चौकात दोन मिनिटं आधी पोहोचलात तर तो मोकळा मिळू शकतो.

मोरोक्कोवर पूर्वी राज्य केलेल्या सादी घराण्याच्या कबरी यादीत असतील तर रांगेची तयारी ठेवा. पुढच्या राजवटीने हा भाग बंद करून टाकला होता. १९१७ मध्ये तो पुन्हा उजेडात आला आणि तेव्हा आत जायला केलेली चिंचोळी वाट आजही वापरात आहे. सुलतान अहमद अल-मन्सूरच्या बारा खांबांच्या दालनात शिरता येत नाही, उंबऱ्यावरून बघून पुढे सरकावं लागतं. रांग लांब असेल आणि गाईडने पर्याय दिला, तर मी बाहियाला जास्त वेळ देईन.

सप्टेंबर २०२३ च्या भूकंपाने जुन्या शहराला तडे दिले, मुख्य चौकातल्या एका लहान मशिदीचा मिनार पडला. कुठे परांची दिसली, एखादं दालन बंद असलं तर गाईडवर चिडू नका.

जेवण

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा आणि टेबलावर बसल्यावर पुन्हा सांगा. ‘ब्ला लहम’ म्हणजे मांसाशिवाय. भाज्यांचं ताजिन, म्हणजे मातीच्या झाकणदार भांड्यात मंद शिजवलेला रस्सा, मागवलं तरी ते मांसाच्या रश्शात शिजवलेलं असू शकतं, हरीरा सूपमध्येही अनेकदा मांस असतं, म्हणून रश्शाचं वेगळं विचारा. झालूक निर्धास्त घ्या. भाजलेलं वांगं, टोमॅटो, लसूण, जिरं. भरीत खाऊन वाढलेल्या माणसाला पहिल्याच घासाला घर आठवतं. खुब्झ नावाच्या जाड गोल पावाशी ते खातात.

इथे इब्न बतूता आठवल्याशिवाय राहत नाही. टँजियरमध्ये जन्मलेला हा मोरोक्कन प्रवासी चौदाव्या शतकात आपल्या देवगिरी-दौलताबादला येऊन गेला आणि मराठे भात, भाज्या, तिळाचं तेल खातात असं त्याने नोंदवलं. सातशे वर्षांनी त्याच्या देशात बसून आपण भाजीत मांस नाही ना हे विचारत असतो.

बाजार आणि चौक

जेवणानंतर मोकळा वेळ मिळतो, दीड-दोन तास. भेटीची जागा आणि वेळ गाईडकडून दोनदा ऐका, नकाशावर खूण करा, परतीच्या वीस मिनिटं आधीचा गजर लावा. सूकच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या, गल्ल्या वरून झाकलेल्या असतात, मिनार दिसत नाही आणि फोनही गोंधळतो. ‘बलाक!’ असं कोणी मागून ओरडलं तर बाजूला व्हा. गाढव, हातगाडी किंवा स्कूटर येत असते. ‘हा रस्ता बंद आहे, मी दाखवतो’ म्हणणाऱ्या मुलामागे जाऊ नका. ‘ला, शुक्रान’, म्हणजे ‘नको, धन्यवाद’, म्हणा आणि चालत राहा.

घासाघीस आपल्याला शिकवावी लागत नाही. एवढंच पाळा, की आकडा तुम्ही बोललात आणि समोरचा ‘हो’ म्हणाला, तर घ्यायचं. घ्यायचं नसेल तर आकडा बोलू नका.

जेमा अल-फना या मुख्य चौकात साप आणि माकडंवाले असतात. फोन वर केला की पैसे मागतात, आणि त्या प्राण्यांचे हाल पाहता मी तरी त्यांना एक नाणंही देणार नाही. मेंदीवाल्या बायका हात धरून सुरुवात करतात. काळी मेंदी असेल तर हात ठामपणे मागे घ्या, तिच्यातल्या रसायनाने कातडी भाजू शकते.

पण चौक यासाठी नाही. गोष्ट सांगणारे, ढोल वाजवणारे, भोवती कोंडाळं करून उभी असलेली स्थानिक माणसं, या परंपरेसाठी युनेस्कोने २००१ मध्ये या चौकाचा गौरव केला. हे सगळं उन्हं कलल्यावर रंगतं. खाण्याच्या गाड्या मांडल्या जातात, धूर उठतो, आणि नेमक्या त्याच वेळी पाचच्या बसचे प्रवासी निघालेले असतात. उशिराची बस म्हणाले ती म्हणूनच. ती मिळालीच नाही, तर मोकळ्या वेळातला शेवटचा पाऊण तास बाजार सोडा आणि एखाद्या कॅफेच्या गच्चीवर पुदिन्याचा चहा घेऊन बसा. मांडामांड सुरू झालेली तरी दिसेल.

परत

शुक्रवारी दुपारी नमाजामुळे अनेक दुकानं बंद असतात आणि रमजानमध्ये दिवसा बऱ्याच खाणावळी बंद, तेव्हा तारीख ठरवताना हे बघा. उतरताना गाईड आणि चालक दोघांनाही वेगवेगळी टीप द्या, चालकाला विसरणारे फार. अगादिरला पोहोचेपर्यंत नऊ वाजून जातात आणि काही हॉटेलांचं रात्रीचं जेवण तोवर आटोपतं. सकाळी निघतानाच एक ताट राखून ठेवायला सांगा.