नुसतं ‘यूएचएफ’ बघून संच प्रोग्रॅम करू नका

वॉकीटॉकीच्या कामात नव्यानं येणाऱ्यांना केबल, ड्रायव्हर, टोन हे सगळं थोड्या दिवसांत जमतं, त्यामुळे त्यावर लिहीत नाही. मला लिहायचंय ते बँडच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याच्या, पोटातल्या तुकड्यांबद्दल. शिकत असताना मला सगळ्यात जास्त त्यानंच रडवलं आणि तेव्हा जवळ बसवून सांगणारं कुणी नव्हतं.

व्हीएचएफ हा खालच्या फ्रिक्वेन्सींचा बँड आणि यूएचएफ वरच्या, हा फरक तुम्हाला माहीत आहेच. १३६ ते १७४ मेगाहर्ट्झच्या व्हीएचएफ संचात ४५० टाकायला गेलात तर सॉफ्टवेअर आकडाच घेत नाही. गोची होते ती यूएचएफच्या आत. तेच मॉडेल, तीच बॉडी, तीच बॅटरी, पण एक संच ४०३ ते ४७० चा आणि दुसरा ४५० ते ५२० चा. जुन्या संचांत तर ४०३ ते ४३३, ४३८ ते ४७० असे आणखी अरुंद तुकडे असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुना लॉट उचललात तर हे सगळे एकाच खोक्यात येऊ शकतात. बॅटरी काढून मागच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल नंबर वाचा. लेबल घासलेलं असेल किंवा बॉडी बदलल्याची शंका असेल, तर केबल लावून संच रीड करा, म्हणजे आतली माहिती कॉम्प्युटरवर वाचा, आणि सॉफ्टवेअर कोणती रेंज दाखवतंय ते बघा. प्रत्येक संचाचं हे करायचं, लॉटमधल्या एकाचं नाही.

समजा, गिऱ्हाइकाच्या परवान्यावर ४४५ मेगाहर्ट्झ आहे आणि तुमच्या हातात ४५० ते ५२० चा संच. पाचच मेगाहर्ट्झ तर कमी पडतायत! सॉफ्टवेअर नको म्हणतं, पण रेंज ताणायच्या युक्त्या बाजारात फिरत असतात. युक्ती लागते, टेबलावर दोन संच एकमेकांशी छान बोलतात आणि सगळे खूश होतात. हाच तो सापळा. हातभर अंतरावर बहिरा संचही ऐकतो. फ्रिक्वेन्सी तयार करणारा आतला ऑसिलेटर तिथे कडेवर जेमतेम लॉक झालेला, म्हणजे त्या आकड्यावर कसाबसा टिकलेला असतो. रिसीव्हरचे फिल्टर ४५० च्या वरचं ऐकण्यासाठी बसवलेले असतात. अँटेनाही त्याच तुकड्यासाठी कापलेला, त्यामुळे पॉवरचा काही भाग बाहेर न जाता उलटा फिरतो. मग साखर कारखान्यात गव्हाणीवरचा माणूस ओरडत राहतो आणि वजनकाट्यावर नुसती खरखर. पहाटेच्या गारठ्यात लॉकच सुटला, तर पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबल्यावर फक्त टूं आवाज येतो. तक्रार मात्र ‘बॅटरी खराब आहे’ अशी येते, आणि तुम्ही बॅटऱ्या बदलत बसता.

‘चालतंय की’ म्हणणाऱ्या उस्तादाकडून सोल्डरिंग शिका, बँड शिकू नका. एका संचावरून बाकीचे क्लोन करायची, म्हणजे त्याचीच सेटिंग सगळ्यांत उतरवायची, घाईही मला पटत नाही. लॉट एकसारखा आहे याची खात्री झाल्यावरच ती करावी.

घाबरून जाऊ नका. हा विषय दिसतो तेवढा मोठा नाही. परवान्यावरचा आकडा, संचाची रेंज आणि अँटेनाची रेंज, या तिन्ही गोष्टी कागदावर शेजारीशेजारी लिहायची सवय लावली की बहुतेक चुका टेबलावरच सापडतात. रिपीटर (ऐकलेलं पुन्हा लांबवर पाठवणारं यंत्र) असेल तर पाठवायची आणि ऐकायची, दोन्ही फ्रिक्वेन्सी तपासा. आणि चाचणी मैदानात, खऱ्या अंतरावर घ्या.

कुणी म्हणेल, बाओफेंगसारखा ४०० ते ५२० चा संच घ्या, कटकटच नको. संच तिथे बोलतो म्हणून तुम्हाला तिथे बोलायची परवानगी मिळत नाही. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ हा पट्टा कमी पॉवरच्या संचांना २०१८ पासून विनापरवाना खुला आहे. ४३४ ते ४३८ हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, तोही परवानाधारकांसाठी. साइटच्या कामाला डब्ल्यूपीसीनं, म्हणजे फ्रिक्वेन्सी वाटून देणाऱ्या सरकारी खात्यानं, दिलेला आकडाच वापरायचा.

लॉटमध्ये चुकीच्या तुकड्याचे संच निघालेच, तर ते ताणू नका, फेकूही नका. रेंज लिहिलेली चिकटपट्टी लावून वेगळे ठेवा. ४६० च्या आसपासचा परवाना असलेलं गिऱ्हाईक आलं की ते ४५० ते ५२० चे संच त्याला बिनधास्त देता येतात.