रेसच्या गाडीत पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल कसा साधावा

जोरात ब्रेक मारल्यावर पुढची चाके आधी जाम झाली तर गाडी नाकासमोर सरळ जाते. वळत नाही, पण चालकाला अंदाज तरी येतो. मागची आधी जाम झाली तर मागच्या टायरांची आडवी पकड सुटते आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणून पुढची चाके मागच्यांपेक्षा केसभर आधी जाम झाली पाहिजेत. केसभरच! फार आधी झाली तर मागचे ब्रेक पुरते वापरलेच जात नाहीत आणि थांबायचे अंतर वाढते.

उदाहरणाला इंजिनिअरिंगची मुले बनवतात ती फॉर्म्युला स्टुडंट गाडी घेऊ. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर झालेल्या फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धेत चारही चाके जाम करून गाडी सरळ थांबवून दाखवावी लागते. त्याशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत.

आधी कागदावर हिशेब करा. समजा चालकासह गाडी ३०० किलो, उभी असताना पुढे १४४ आणि मागे १५६ किलो. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर) १६०० मिमी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ३०० मिमी. १.२ जीने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १.२ पट जोराने वेग कमी होईल असा ब्रेक लावला तर १.२ × ३०० × ३०० ÷ १६०० म्हणजे साधारण ६७ किलो भार मागून पुढे सरकतो. पुढे २११ आणि मागे ८९ किलो झाले, म्हणजे ब्रेकचा सुमारे ७० टक्के जोर पुढे हवा. सुरुवात या आकड्यावरून करायची. शेवटचा निकाल टायर देतात.

या गाडीत पुढच्या आणि मागच्या ब्रेकला वेगवेगळे मास्टर सिलेंडर (पेडलच्या जोराने ब्रेकच्या तेलावर दाब आणणारे) असतात आणि पेडलचा जोर त्यांच्यात बॅलन्स बार नावाचा आडवा दांडा वाटून देतो. बांबूला घागर अडकवून दोघांनी खांद्यावर घेतली की घागर ज्याच्या जवळ, त्याच्यावर भार जास्त, तसेच हे. बारवरचे बेअरिंग ज्या सिलेंडरकडे सरकेल, त्याला जास्त जोर मिळतो. बारच्या दोन टोकांना पुशरॉड (सिलेंडर दाबणारी काडी) जोडणाऱ्या क्लेव्हिसमध्ये ६० मिमी अंतर असेल आणि बेअरिंग मधोमध न ठेवता ३ मिमी पुढच्या सिलेंडरकडे सरकवले, तर वाटणी ५५:४५ होते. बारचा आवाका असा थोडाच; ७० टक्क्यांकडे नेणारी मुख्य वाटणी सिलेंडर आणि ब्रेकच्या मापांनीच साधायची. बार टोकाला नेऊनही जमत नसेल तर ओढाताण करू नका, मास्टर सिलेंडरचा बोअर (आतला व्यास) बदला. बोअर लहान केला की त्या बाजूचा दाब वाढतो.

बारला हात लावण्याआधी लाइनमधली (ब्रेकच्या तेलाच्या नळीतली) हवा पूर्ण काढा, थोडे ब्रेक मारून पॅड डिस्कवर नीट बसवून घ्या, टायरचा दाब सारखा करा. मग बेअरिंग मधोमध आणा आणि पुशरॉडची लांबी अशी लावा की ब्रेक दाबलेला असताना बार पुशरॉडला काटकोनात येईल. पेडल मोकळे असताना तो थोडा तिरका दिसला तरी चालेल. आता एका बाजूचा (पुढचा किंवा मागचा) ब्लीडर, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, उघडा आणि पेडल दाबून पाहा. बार तिरका होऊन दुसऱ्या बाजूचे ब्रेक लागलेच पाहिजेत. बार मध्येच अडकला किंवा पेडल आधीच तळाला टेकले, तर क्लेव्हिसची फट आणि पुशरॉड पुन्हा लावा. ही तपासणी कितीही घाई असली तरी टाळू नका. एक लाइन फुटली तर चालकाच्या हातात एवढेच उरते. तपासून झाल्यावर हवा पुन्हा काढा.

नंतर गाडी चारही स्टँडवर घ्या. दोघांनी पुढचे-मागचे चाक हाताने फिरवावे, तिसऱ्याने पेडल हळूहळू दाबावे. पुढचे चाक आधी आवळले पाहिजे आणि लगेच मागचे.

खरी परीक्षा बंद, कोरड्या, सरळ पट्ट्यावर. टायरच्या बाजूवर खडूने जाड पांढरी रेघ ओढा आणि लांबून, बाजूने व्हिडिओ घ्या; कुठली रेघ आधी थांबली ते स्पष्ट दिसते. ब्रेक गरम करून घ्या, मग ५०-६० किमी वेगावरून क्लच दाबून सरळ ब्रेक मारा. मागचे आधी थांबले तर बार अर्धा फेरा पुढच्या बाजूला फिरवा, पुन्हा धावा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक वेळी फेरे वहीत लिहा. सरळ रेषेत जमले की गिअर खाली टाकत आणि वळणात शिरताना ब्रेक धरून पाहा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनचा ब्रेकही मागेच लागतो, म्हणून इथे बहुधा बार आणखी थोडा पुढच्या बाजूला न्यावा लागतो. शेवटी बार आपोआप फिरणार नाही असा पक्का करा.

रस्त्यावरच्या हॅचबॅकची रॅलीसाठी गाडी केली असेल तर बहुतेक वेळा बॅलन्स बार नसतो. तिथे मागच्या लाइनमध्ये प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवतात. तो मागचा दाब फक्त कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. पुढच्या लाइनमध्ये तो कधीच बसवू नका.

पावसात बरेच जण बार आणखी पुढे नेतात, ते उलट आहे. ओल्यात ब्रेक ०.७ जीच्या आसपासच लागतो, भार कमी सरकतो, आणि वरच्याच गाडीत पुढचा वाटा ६१ टक्क्यांवर येतो. म्हणजे बार मागच्या बाजूला फिरवायचा. किती फेरे ते कोरड्या दिवशीच ट्रॅकवर पाणी मारून ठरवून ठेवा आणि पट्टा सुकला की तेवढेच परत फिरवा.