आधी कडा, मग शहर: बरोक काळातील नगरचित्र कसे वाचावे

सीएसएमटीच्या घुमटावर मशाल उंचावून उभी असलेली स्त्री ही कुणी राणी नसून ‘प्रगती’ आहे, हे ज्या मुंबईकराला ठाऊक आहे, त्याला सतराव्या शतकातील, म्हणजे बरोक या अलंकारप्रिय कलाशैलीच्या काळातील, युरोपीय नगरचित्र वाचण्याची निम्मी रीत आधीच अवगत आहे. ताम्रपटावर कोरून छापलेल्या या चित्रांत आपली नजर थेट मनोऱ्यांवर जाते; परंतु चित्राचे म्हणणे बहुधा आकाशात आणि तळाशी मांडलेले असते, म्हणून भिंग घेऊन सुरुवात तिथूनच करावी.

सरावासाठी क्लास यान्स फिशर या डच कोरीव-चित्रकाराचे १६११ मधील आम्स्टरडॅमचे चित्र घ्यावे. मागे शहर, त्याच्यापुढे गलबतांनी गजबजलेले पाणी आणि अलीकडे मधोमध बसलेली एक तरुणी. ही नगरकन्या, म्हणजे स्वतः आम्स्टरडॅम. जवळचे आणि दूरदेशीचे लोक तिच्यापुढे आपापला माल घेऊन येत आहेत. डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन होऊन तेव्हा अवघी नऊ वर्षे झाली होती, हे ध्यानात घेतले की या नजराण्यांतला आत्मविश्वास किती आगाऊ होता ते उमगते.

त्यानंतर शहराचे मानचिन्ह शोधावे. आम्स्टरडॅमची खूण म्हणजे एकाखाली एक तीन फुल्या. त्यांवर मुकुट लावण्याचा मान हॅब्सबर्ग घराण्यातील मॅक्सिमिलियनने १४८९ मध्ये दिला, आणि पुढे शहर प्रॉटेस्टंट झाले तरी कॅथलिक राजाने दिलेला हा मुकुट त्याने सोडला नाही. व्यापाऱ्यांचे शहर ते. पत वाढवणारी वस्तू कोण टाकून देईल?

इतर नगरचित्रांतील आकृती हातातल्या वस्तूंवरून ओळखाव्यात. रोमन देवांपैकी दोन सापांची काठी असलेला मर्क्युरी म्हणजे व्यापार, त्रिशूळधारी नेपच्यून म्हणजे समुद्र; कर्णा फुंकणारी पंखधारी स्त्री म्हणजे कीर्ती. तटबंदीच्या आकाराचा मुकुट स्त्रीच्या डोक्यावर असेल, तर ती नगरदेवता. कलंडलेल्या घड्याला रेलून बसलेला दाढीवाला म्हातारा मात्र आपल्याला हमखास चकवतो, कारण नदी म्हटली की आपल्याला माय आठवते आणि तिथे टेम्स, टायबर, ऱ्हाईन हे पुरुष आहेत.

तळाच्या कोपऱ्यातील बारीक लॅटिन अक्षरांत ‘स्कल्प्सिट’ या शब्दाआधी कोरणाऱ्याचे, तर ‘एक्सकुडिट’आधी प्रकाशकाचे नाव असते. इमारतींवरची नावे सर्वांत शेवटी वाचावीत आणि तीही जपून: वेन्सेस्लाउस हॉलर याच्यासारख्या काटेकोर कलावंताच्या १६४७ मधील लंडनच्या चित्रातही ग्लोब नाट्यगृह आणि अस्वलांच्या झुंजींचे आवार यांच्या नावांची अदलाबदल झालेली आहे.