पीएचपीतून बॅकग्राउंडला काम सोडताय? या चुका टाळा

बटण दाबलं की पाचशे निकालपत्रकांच्या पीडीएफ मागच्या मागे तयार व्हाव्यात, एवढंच हवं असतं. पण पान फिरत राहतं आणि मिनिटभराने ५०४ (उत्तर वेळेत आलं नाही, ही एरर) येतो. कमांडच्या शेवटी & (काम मागे सोडायची खूण) लावलेलं असूनही! मग एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा ६० सेकंदांचा टाइमआउट ३०० करून पाहिला जातो. दुखणं तिथे नसतंच.

& मुळे शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) मोकळं होतं, पण पीएचपीतून कमांड सोडणारं एक्झेक फंक्शन आउटपुटच्या पाइपकडे, म्हणजे कमांडचं आउटपुट ज्या वाटेने येतं तिकडे, डोळे लावून बसलेलं असतं. सोडलेल्या प्रोसेसने पाइपचं टोक धरलंय, तोवर ते परतत नाही. म्हणून आउटपुट फाइलकडे वळवा, आणि एररही. क्रम मात्र सांभाळा: आधी आउटपुट फाइलमध्ये, मग एरर त्याच्या मागोमाग (> फाइल 2>&1). उलट लिहिलंत तर एरर जुन्या पाइपलाच चिकटतो आणि पान पुन्हा अडकतं. हे सगळं डेव्ह-नलमध्ये (जिथे टाकलेलं गायबच होतं) फेकू नका, खरी लॉग फाइल ठेवा. पुढची चूक तिथेच सापडते.

ती म्हणजे, ‘टर्मिनलवर चालतं, वेबवरून नाही.’ वेब सर्व्हरचा युजर वेगळा, त्याचा पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) वेगळा, परवानग्या वेगळ्या. प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ द्या आणि सुडोने त्याच युजरच्या नावाने कमांड चालवून बघा. वैतागून फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) देऊ नका, कृपा करून.

सगळ्यात फसवी चूक नोहपवर विसंबण्याची. कमांडच्या आधी लावलेलं नोहप फक्त हँगअप सिग्नल (टर्मिनल बंद झाल्यावर येणारा) अडवतं. सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) सर्व्हिस रीस्टार्ट करताना त्या सर्व्हिसच्या गटातल्या सगळ्याच प्रोसेस मारतं, कारण त्याची मूळ सेटिंगच तशी आहे. दुपारी कुणी पीएचपी-एफपीएम (वेबसाठी पीएचपी चालवणारी सर्व्हिस) रीस्टार्ट केलं की तुमच्या तीनशेव्या पीडीएफवर काम खलास, आणि लॉगमध्ये चकार शब्द नाही. म्हणून काम मिनिटभरापेक्षा मोठं असेल तर मी वेबमधून प्रोसेस सोडतच नाही. डेटाबेसच्या टेबलात एक ओळ टाकायची आणि स्वतंत्र सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या वर्करने ती उचलायची. मग रीस्टार्टची भीती नाही, आणि अर्धवट राहिलेलं काम कुठलं तेही कळतं.

तरीही एक्झेकच वापरणार असाल, तर फॉर्ममधून आलेला मजकूर एस्केपशेलआर्ग या फंक्शनमधून गेल्याशिवाय कमांडला जोडू नका; नाहीतर अर्धविरामानंतर कुणी काहीही चालवू शकेल. आणि घाईत बटण दोनदा दाबणारे असतातच, तेव्हा कमांड एफलॉकमधून (कामाला कुलूप लावणारी कमांड) सोडा, न थांबण्याचा पर्याय देऊन. दुसरी प्रत सुरूच होणार नाही.